तुझ्या खांद्यावरचा तो हात

नंदू, आधी माझी चूक सांगून टाकतो, म्हणजे पुढे शिव्या घालायला मोकळा.

शोकसभेसाठी तुझा फोटो मोठा करून आणायचं काम माझ्याकडे आलं. तुझा एकट्याचा फोटो कुठेच सापडेना. सापडणार कसा? मंडळाच्या प्रत्येक ट्रेकला तू शेपटीला. वर गडावर ग्रुप फोटो निघायचा तेव्हा तू खाली कुठल्यातरी खिंडीत, कुणाची तरी धाप उतरायची वाट बघत बसलेला. शेवटी वैशालीच्या मोबाइलमध्ये एक मिळाला, दहाबारा जणांचा, त्यात तू चक्क हसतोयस. तो घेऊन लालबागच्या नाक्यावरच्या स्टुडिओत गेलो आणि म्हणालो, "बाकीचे सगळे उडवा, हा एकटाच ठेवा." त्याने स्क्रीनवर दाखवलं, "काका, नीट बघून घ्या." चष्मा घरी राहिला होता. तसं सांगायची लाज वाटली, म्हणून एकदम ऐटीत म्हणालो, "फर्स्टक्लास."

घरी येऊन कागद सोडला आणि तुझी बहीण बघतच राहिली. तुझ्या डाव्या खांद्यावर एक हात. नुसता हात, मनगटापर्यंत. बोटात पोवळ्याची अंगठी.

"अहो, हा कुणाचा?"

अंगठीवरून ओळखला. दिगूचा.

"म्हणजे माणूस गेला आणि हात राहिला," वैशाली म्हणाली. "लग्नाच्या वेळी पण तुम्ही असाच चष्मा विसरला होतात का?"

सभा दुसऱ्या दिवशी होती, परत करायला वेळ नव्हता. तिने हार डावीकडे ओढून बघितला, उजवीकडे ओढून बघितला. झेंडूच्या दोन फुलांमधून अंगठी बाहेर डोकावतच राहिली. तुला जन्मभर ज्याने खाली ओढलं, त्याचाच पंजा मी तुझ्या खांद्यावर ठेवून, वर काच लावून, तुला हार घातला. तू असतास तर खो खो हसला असतास. मला हसू आलं नाही. त्या हाताकडे बघता बघता माझं डोकं तापत गेलं, ते अजून उतरलेलं नाही.

आठवतं, मी मंडळात आलो तेव्हा आपलं एक ब्रीदवाक्य होतं? पुढून दिगू ओरडायचा, "दम आहे का?" आणि सगळ्यांनी बेंबीच्या देठापासून ओरडायचं, "आहे!" चढ आला, ओरडा. ऊन लागलं, ओरडा. कुणी कड्यावर थिजलं तर त्याच्याभोवती जमून आणखी मोठ्याने ओरडा. आपल्याकडे भीतीवर एवढंच औषध. समोरचा घाबरून पांढरा पडलाय आणि चाळीतल्या गोविंदासारखे वीस जण त्याच्या कानात किंचाळतायत, "दम आहे का?" बिचारा म्हणतो, "आहे." दुसरं म्हणणार काय?

तो बिचारा मीच होतो. कर्जतजवळच्या त्या किल्ल्याच्या कातळपायऱ्यांवर, खाली बघितलं आणि अंगातून सगळं पाणी निघून गेलं. तेव्हा वैशालीशी लग्न ठरायचं होतं आणि तू माझा नुसता मित्र. वरून आरोळी आली. मी "आहे" म्हणालो आणि तिथेच बसलो, पायरीला मिठी मारून. तू मागून आलास. वरच्यांना हाताने गप्प केलंस. माझ्या खालच्या पायरीवर, माझ्याकडे पाठ करून बसलास, म्हणजे मला दरी दिसूच नये. "धीर धर" नाही, "घाबरू नको" नाही. म्हणालास, "तुझी आई सोलकढी कशी करते रे?"

"आत्ता?"

"आत्ता. पहिल्यापासून सांग."

मी सांगितलं. नारळ खवण्यापासून. पहिलं दूध, दुसरं दूध, कोकमाचं आगळ किती, लसूण ठेचून की वाटून. लसणीवरून तू वाद घातलास, तुमच्याकडे मिरची पण घालतात म्हणून. मी चिडलो. चिडलो म्हणजे श्वास आला. वाद संपला तेव्हा आपण पायऱ्यांच्या खाली उभे होतो.

त्या दिवसापासून तुला वाटायला लागलं की हे नुसतं नशिबाने जमायला नको, शिकून जमायला हवं. दादरला कुठेसं डोंगरावर माणसं घेऊन जाणाऱ्यांसाठी मानसिक प्रथमोपचाराचं शिबिर होतं, तिथे जाऊन आलास आणि पुढचा महिनाभर आमचं डोकं खाल्लंस. मी म्हणालो, "नंद्या, तू काय आता डॉक्टर झालास का?" म्हणालास, "डॉक्टर नाही रे. पट्टी. पट्टीने हाड जुळत नाही, पण दवाखान्यापर्यंत पोचता येतं." मग तुमच्या चिंचपोकळीच्या खोलीत चहा पिता पिता माझ्यावरच प्रयोग. "हे बघ, जो सकाळपासून सगळ्यांना हसवत होता आणि एकदम गप्प झाला, त्याच्याकडे लक्ष ठेवायचं. जो खात नाही, त्याच्याकडे. बाजूला घेऊन विचारायचं, चारचौघांत नाही. आणि विचारायचं तर सरळ विचारायचं. आडून आडून विचारलं की माणूस पण आडून आडूनच उत्तर देतो."

"आणि मग?"

"मग गप्प बसायचं."

"गप्प बसायला शिबिर लागतं?"

"तुला तर दोन लागतील," वैशाली आतून ओरडली.

तू हसलास, पण मुद्दा सोडला नाहीस. म्हणालास, प्रश्न विचारला की आपल्यालाच धीर निघत नाही. समोरचा गप्प राहिला की आपण ती जागा भरून टाकतो, आपलं ज्ञान, आपला किस्सा, आपल्या मावशीचा जावई. ती जागा त्याची असते. त्याला वेळ लागतो. थांबायचं.

आणि "घाबरू नको" म्हणायला तुझी बंदी. "वैशू तुला 'चिडू नका' म्हणते तेव्हा तू चिडायचा थांबतोस का?" हे मात्र मला लगेच पटलं.

दिगूला कधीच पटलं नाही. दिगू म्हणजे आपला दिगंबर, मंडळाचा अध्यक्ष, कायमचा पुढचा माणूस. त्याला शिखर लागायचं, फोटो लागायचा, ओरडा लागायचा. तुला तो "रडक्यांचा डॉक्टर" म्हणायचा. तू म्हणायचास, "म्हणू दे. पुढच्याला डोंगर दिसतो, मागच्याला माणसं दिसतात." फार मोठं वाक्य बोललास नंदू, पण मला तेव्हाच दिगूच्या एक कानाखाली द्यायची होती. तू मला दर वेळी अडवलंस. आता तू नाहीस, म्हणून हे सगळं लिहितोय.

दोन वर्षांपूर्वीचा तो हिवाळ्यातला ट्रेक. तेव्हा काय झालं, ते मला परवा परवापर्यंत माहीत नव्हतं. एवढंच माहीत होतं की एक बाई मागे पडली, तू तिच्याबरोबर खालच्या गुहेपाशी थांबलास, वर निरोप पाठवलास की शेपूट आज वर येत नाही. दोर तुझ्याकडे होता, म्हणून शेवटचा कडा रद्द झाला. तू तिला घेऊन उतरलास, गावात एका घरी ओट्यावर बसलास, तिचा भाऊ मुंबईहून गाडी घेऊन आला तेव्हाच तिला सोडलंस.

नंतरच्या मीटिंगला मी होतो. दिगूने विचारलं, "का थांबलास?"

"तिला बरं नव्हतं."

"काय होत होतं?"

"ते तिचं आहे."

"तिचं? तीस माणसं कड्याखालून परत आली, त्यांना काय सांगू? नंदूभाऊ गुहेत एका बाईबरोबर एकटे काय करत होते ते त्यांचं दोघांचं आहे, असं सांगू?"

कुणीतरी हसलं. तू हसला नाहीस, उत्तरही दिलं नाहीस. गुहेच्या आत तर तू गेलाच नव्हतास, वाटेवरून दिसेल असा तोंडाशी बसला होतास, तेवढं तरी बोलायचंस! नाही. त्या मीटिंगमध्ये तुझी लीडरकी काढून घेतली. आणि ते गुहेचं वाक्य घोडपदेवपासून नायगावपर्यंत फिरलं, तुझ्या ऑफिसात गेलं, चाळीच्या नळावर गेलं. वैशालीला भाजीवाल्यापाशी एक बाई म्हणाली, "तुमचे दादा आता जात नाहीत का हो डोंगरावर?" आणि असं हसली की वैशाली भाजी तशीच टाकून घरी आली.

मी तुझ्याशी भांडलो. तो वाद संपलाच नाही आपला. मी म्हणालो, "सांगून टाक काय ते. दिगूचं थोबाड बंद होईल." तू म्हणालास, "माझ्या अब्रूसाठी तिची गोष्ट खर्च करू?" मी म्हणालो, "तू काय संत आहेस का?" म्हणालास, "संत कशाला. शिबिरात सांगितलं होतं, जे ऐकलं ते जीव धोक्यात असेल तरच दुसऱ्याला सांगायचं, आणि तेही तिला विचारून. जीव वाचलाय. आता तोंड बंद."

आणि मी तुला विचारलं, नंद्या. तुझ्याच पद्धतीने. बाजूला घेऊन, सरळ. "तुला किती लागलंय हे?" आणि गप्प बसलो, शप्पथ गप्प बसलो, वैशाली साक्षीदार आहे. तू म्हणालास, "चहा टाक." पुन्हा विचारलं तर म्हणालास, "साखर कमी." सगळ्या जगाला बोलतं करणारा माणूस स्वतः चहाच्या आड लपला. याचा रागही मी विसरलेलो नाही. दिगूनंतर तुझा नंबर.

मग एका सकाळी तू गेलास. डॉक्टर म्हणाले हृदय. असेल. डॉक्टरांना गुहेचं वाक्य कुठे माहीत होतं?

दहाव्याला ती गुहेपाशी थांबलेली बाई घरी आली. भावाबरोबर. मी ओळखलंच नाही. वैशालीने पाट दिला, ती पाटावर न बसता खालीच बसली, तुझ्या दिव्यासमोर. बराच वेळ काही बोलली नाही. मी तोंड उघडणार, तेवढ्यात वैशालीने माझ्या पायाला चिमटा काढला.

मग तिने सांगितलं. त्या दिवशी तिने आपला डबा न उघडता दुसऱ्या मुलीला देऊन टाकला होता. नवी टॉर्चही देऊन टाकली होती, "मला काय करायचीय" म्हणत. कुणाचं लक्ष गेलं नाही. शेपटीला असलेल्या माणसाचं गेलं. तू तिच्याजवळ जाऊन म्हणालास, "काय झाला गो?" ती तळकोकणातली, आपली बोली ऐकून तिचे डोळे भरले. मग तू सरळ विचारलंस, "मरून जावंसं वाटतंय का तुला?"

"इतक्या महिन्यांत मला असं कुणी विचारलं नव्हतं," ती म्हणाली. "सगळे म्हणायचे, पॉझिटिव्ह राहा. त्यांनी विचारलं आणि थांबले. मी कितीतरी वेळ रडले, ते नुसते थांबले. मग म्हणाले, आज तुला एकटीला सोडणार नाही, आणि तुझ्या माणसांपैकी एकाला तरी सांगू या. कुणाला सांगायचं ते तू ठरव. मी दादाचं नाव सांगितलं."

दुसऱ्याच दिवशी भाऊ तिला डॉक्टरकडे घेऊन गेला. आता ती बरी आहे. नोकरीवर जाते. भाऊ सगळा वेळ दाराशी उभा होता. त्याला तुझ्या पायावर डोकं ठेवायचं होतं, पण पाय कुठे होते?

जाताना ती म्हणाली, "त्यांच्याबद्दल लोक काय बोलले ते मला उशिरा कळलं. ऑफिसात माझं कुणालाच माहीत नाही. पण सभेत सांगायचं असेल तर... माझं नाव घ्या. मी येईन." आणि पदराचं टोक बोटाला इतकं घट्ट गुंडाळत होती की बोट पांढरं पडलं.

खरं सांगू? मला ते बोट दिसलं आणि तरीही मला आनंद झाला. राक्षसासारखा आनंद. दोन वर्षं मी हत्यार शोधत होतो आणि ते स्वतः चालत घरी आलं होतं. मी भाषण पाठ केलं. अंघोळ करताना केलं, दाढी करताना केलं, गाल कापून घेतला. आधी गुहेचं वाक्य, मग थांबायचं, मग म्हणायचं, "ती बाई इथे बसली आहे." दिगूचा चेहरा कसा होईल याचीही तालीम केली, आरशात. तो चेहरा मला फार छान जमला.

सभा नायगावच्या त्या शाळेच्या हॉलमध्ये. मंडळाचे जुने-नवे सगळे आले होते. तू असतास तर दारापाशी शेवटच्या खुर्चीत बसला असतास. दिगू आधी बोलला. गळा दाटून आणला. म्हणाला, नंदू माझा भाऊ. म्हणाला, मानसिक आरोग्याचं महत्त्व मंडळात आम्ही दोघांनी मिळून रुजवलं. म्हणाला, आता मंडळातर्फे नंदूच्या नावाने दर वर्षी लीडरांसाठी मानसिक प्रथमोपचाराचं शिबिर, आणि त्याची धुरा मी स्वतः वाहीन. मग फोटोकडे वळला, तुझ्या फोटोकडे, आणि काय म्हणाला माहितीय?

"बघा. माझा हात आजही त्याच्या खांद्यावर आहे."

टाळ्या पडल्या, नंदू. माझ्या चष्म्याला टाळ्या पडल्या.

मी उठलो. माइक हातात घेतला, तो चालू होता की नाही ते कळायला दोनदा फुंकर मारली, लोक हसले. भाषण ओठांवर होतं. आणि ती दिसली. मधल्या रांगेत, भावाच्या बाजूला, खाली बघत. तिने नाव घ्यायला सांगितलं होतं. पण तिचं अंग असं आक्रसलं होतं, जणू वरून दगड पडणार आहे आणि तो कधी पडतो एवढंच बघायचंय. आणि तो दगड माझ्या हातात.

तुझा आवाजबिवाज काही आला नाही, उगाच खोटं सांगत नाही. मला फक्त दिसलं की हे भाषण करून मी दिगूला एक जखम करीन आणि हिला एक, आणि हिची मोठी असेल. भाषण गिळलं. पण दिगूला सोडायचं? अजिबात नाही. मग मला तुझीच पद्धत आठवली. सरळ विचारायचं. चारचौघांत नाही म्हणाला होतास, ते मी सोयीस्कर विसरलो.

"दिगंबर," मी म्हणालो, "एकच विचारायचंय. नंदूची लीडरकी का काढून घेतलीत?"

आणि गप्प बसलो.

तो हसला. "अरे, तो जुना विषय. आज कशाला?"

मी गप्प.

"समितीचा निर्णय होता. मी एकट्याने थोडाच घेतला?"

मी मान हलवली. तू हलवायचास तशी, म्हणजे ऐकतोय, पुढे बोल.

"लोक बोलायला लागले होते. अध्यक्ष म्हणून मला बघावं लागतं ना."

माझ्या जिभेवर इतक्या शिव्या जमल्या होत्या की दात ओठ आवळून धरले होते. पण ती जागा त्याची होती. मी भरली नाही.

"आता एक बाई, एक माणूस, गुहेत... मी काही म्हटलं नव्हतं. मी फक्त विचारलं होतं. म्हणजे गमतीत."

मागून आपले जुने गोखलेकाका, जे सभेत कायम झोपतात, जागे झाले. "गमतीत काय विचारलं होतंस रे दिग्या? मोठ्याने सांग, मला कमी ऐकू येतं."

दिगू बोलायला गेला, आवाजच फुटेना. घसा खाकरला. टेबलावर बघितलं, पाण्याचा पेला रिकामा. इकडे बघितलं, तिकडे बघितलं. दोन वर्षं जे वाक्य सगळ्या गावभर फिरलं, ते त्याला त्या हॉलमध्ये, तुझ्या फोटोसमोर, पुन्हा म्हणता येईना. खाली बसला. माफीबिफी मागितली नाही. मला ती नकोच होती. मला तो असा बसलेला हवा होता.

मी फक्त एवढंच म्हणालो, "शिबिर होऊ दे. शिकवायला ज्यांनी नंदूला शिकवलं त्यांना बोलावू. दिगंबर शिकणाऱ्यांत बसेल." गोखलेकाकांनी अनुमोदन दिलं आणि पुन्हा डोळे मिटले. त्यांनी डोळे मिटले तरी ठराव पास झाला. सतरंजीवर मांडी घालून बसलेला दिगू, आणि कुणीतरी त्याला सांगतंय, "आता समोरच्याचं ऐकायचं, मध्ये बोलायचं नाही." त्या दिवशी मी पहिल्या रांगेत बसणार आहे, चष्मा लावून.

ती जाताना दारात भेटली. पदर बोटाला गुंडाळलेला नव्हता.

तू म्हणशील, हे बरोबर केलं नाहीस. माणसाला उघडं करायला नाही, बोलतं करायला शिकवलं होतं मी. माहितीय रे. पुढच्या वेळी बाजूला घेऊन विचारीन. दिगूला वगळून.

घरी परतताना वैशाली माझ्या दोन पावलं पुढे चालत होती. परळचा सिग्नल आला, तशी थांबली. मी म्हटलं, झालं, आता आपली खरडपट्टी. तुझी बहीण शेवटी, तुझ्यावरच गेलेली.

"अहो," ती म्हणाली, "दिगू पाणी शोधत होता, बघितलंत?"

"बघितलं."

"दादा असता तर सगळं सोडून आधी उठला असता. पाणी दिलं असतं त्याला."

"हो," मी म्हणालो. मान खाली.

सिग्नल सुटला. तिने खांद्यावरची पिशवी सावरली आणि रस्त्याकडे बघत म्हणाली, "बाटली माझ्याकडेच होती. भरलेली."